निनावी मुख्य रचनाकार : सेर्गेई कोरोलेव्ह

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चे अवतरण पाहण्यासाठी आपल्या मंडळाच्या सभागृहात आबालवृद्ध जमले होते, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. सहा वाजून गेले, विक्रम चंद्रभूमीवर सुखरूप टेकला आणि टाळ्यांच्या गजरात आपण महाराष्ट्रापासून किती दूर आहोत याचा क्षणभर विसर पडला. त्या गर्दीत माझ्या शेजारी बसलेल्या एका शाळकरी मुलाने मला विचारले की, चंद्र सोडून एखाद्या ग्रहावर असे यान सर्वांत आधी कोणी उतरवले. शुक्र, रशिया, १९७० एवढे उत्तर मी तत्परतेने दिले. घरी आल्यावर लक्षात आले की मुलाने ‘कोणी’ असे विचारले होते आणि मी त्याला देशाचे नाव सांगून मोकळा झालो होतो. स्मरणिकेच्या संपादकांनी लेखाची मागणी केली तेव्हा ते राहिलेले उत्तर द्यावे असे मनात आले. ते एका नावात मावत नाही. पण आरंभ ज्यांच्यापासून करावा लागतो ते नाव सेर्गेई पाव्लोविच कोरोलेव्ह यांचे.

कोरोलेव्ह यांचा जन्म १२ जानेवारी १९०७ रोजी युक्रेनमधील झितोमिर येथे झाला. वडील रशियन साहित्याचे शिक्षक. आई मारिया निकोलायेव्हना हिचे पतीशी पटले नाही आणि मूल तीन वर्षांचे असतानाच ती वेगळी झाली. ती शिक्षणासाठी कीव्हला राहिली आणि सेर्गेई नेझिन या लहानशा गावी आजोळी वाढला. आजोळी खारवलेल्या काकड्यांचा व्यापार होता. घर सुस्थितीत, परंतु मूल एकाकी. वडील वारले असेच त्याला सांगण्यात आले होते. १९११ साली नेझिनच्या जत्रेच्या मैदानावर उतोच्किन नावाच्या वैमानिकाने विमान उडवून दाखवले. चार वर्षांच्या सेर्गेईने ते आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिले. आईने दुसरा विवाह केल्यानंतर हे कुटुंब काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी गेले. तेथे बंदरातील समुद्री विमानांभोवती घुटमळणारा हा मुलगा बांधकामाच्या शाळेत छपरावर कौले घालण्याचे काम शिकला आणि सतराव्या वर्षी त्याने स्वतः एका ग्लायडरचा आराखडा तयार केला. पुढे कीव्ह आणि मग मॉस्को येथील उच्च तंत्रविद्यालय, आणि तेथे विमानरचनेतील श्रेष्ठ आचार्य तुपोलेव्ह यांचे मार्गदर्शन, असा त्यांचा शिक्षणक्रम झाला.

येथवर ही कथा विमानाच्या वेडाने झपाटलेल्या कोणत्याही हुशार तरुणाची आहे. तिला ग्रहांची दिशा दिली ती फ्रिड्रिख त्सांडर यांनी. त्सांडर हे रिगाचे अभियंते. मंगळावर जाणे हा त्यांचा एकच ध्यास. मुलीचे नाव त्यांनी अ‍ॅस्ट्रा, म्हणजे तारका, असे ठेवले होते आणि मुलाचे मर्क्युरी, म्हणजे बुध! १९३१ साली त्सांडर व कोरोलेव्ह यांच्या पुढाकाराने मॉस्कोतील एका तळघरात अग्निबाणांचा अभ्यास करणारे एक मंडळ सुरू झाले. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचा अर्थ सभासद स्वतःच गमतीने ‘फुकट राबणारे अभियंते’ असा लावीत. (मंडळे चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विनोद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.) १७ ऑगस्ट १९३३ रोजी मॉस्कोबाहेरील नखाबिनो येथे त्यांचा पहिला अग्निबाण सुमारे चारशे मीटर उंच गेला. त्सांडर मात्र तो पाहू शकले नाहीत. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात विषमज्वरासारख्या टायफस या रोगाने त्यांचे निधन झाले होते. मंगळाचे वेड शिष्याच्या हाती ठेवून ते गेले.

यानंतरची सहा वर्षे लिहिताना लेखणी जड होते. स्टालिनच्या राजवटीतील अटकसत्राने अग्निबाण संस्थेलाही सोडले नाही. संस्थेचे प्रमुख गोळ्या घालून मारले गेले आणि २७ जून १९३८ च्या रात्री कोरोलेव्ह यांना घरातून नेण्यात आले. मुलगी नताशा तेव्हा तीन वर्षांची होती. मारहाण करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आला. त्यातच त्यांच्या जबड्याला इजा झाली असे सांगतात. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. अठ्ठावीस वर्षांनी तो पुन्हा येणार आहे. दहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी अतिपूर्वेकडील कोलिमा प्रदेशातील माल्द्याक या सोन्याच्या खाणीवर झाली. तेथे काही महिन्यांतच रक्तपिती जडली आणि दात पडू लागले.

त्यांना वाचवले ते आईने. मारिया निकोलायेव्हना अर्जामागून अर्ज करीत राहिली. ग्रोमोव्ह आणि ग्रिझोदुबोव्हा या नामांकित वैमानिकांकडे तिने शब्द टाकला आणि त्यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता तो पुढे नेला. १९३९ च्या अखेरीस फेरतपासणीसाठी कोरोलेव्ह यांना कोलिमातून परत आणण्यात आले. सुटका झालीच नाही. शिक्षा दहाची आठ वर्षे झाली आणि कैद्यांकडून विमानांचे आराखडे करवून घेणाऱ्या कार्यालयात त्यांना बसवण्यात आले. तेथे मुख्य कैदी होते त्यांचेच गुरू तुपोलेव्ह! १९४४ च्या जुलैत कोरोलेव्ह सुटले. निर्दोष ठरले ते मात्र १९५७ साली. मध्यंतरीच्या तेरा वर्षांत, म्हणजे कागदोपत्री गुन्हेगार असतानाच, त्यांनी त्या राष्ट्राचे सर्वांत मोठे अग्निबाण उभारले. आयुष्यभर सरकारी कागदपत्रांत वावरलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी पचत नाही.

युद्धानंतरचा काळ त्या मानाने सर्वश्रुत आहे. जर्मनांच्या व्ही-२ चा अभ्यास करून मॉस्कोजवळील पोद्लिप्की येथे त्यांनी आपले कार्यालय उभे केले. १९४७ साली कापुस्तिन यार येथून पहिले अग्निबाण सोडले; आपला ‘आर्यभट’ १९७५ साली याच तळावरून गेला. १९५७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा आर-७ हा महाकाय अग्निबाण यशस्वी झाला, ४ ऑक्टोबरला त्यावरून स्पुटनिक गेला आणि १९६१ मध्ये गागारिन. राकेश शर्मा यांना १९८४ साली नेणारा अग्निबाणही याच घराण्यातला. हे सारे करणारा माणूस कोण, हे जगाला ठाऊक नव्हते. वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख केवळ ‘मुख्य रचनाकार’ असा होई, आणि ते स्वतः लेख लिहीत ते प्राध्यापक के. सेर्गेयेव्ह या टोपणनावाने.

परंतु उपग्रह आणि अंतराळवीर यांच्या झगमगाटात एक गोष्ट झाकली गेली. स्पुटनिकनंतर सुमारे तीन वर्षांनीच कोरोलेव्ह यांनी मंगळ आणि शुक्राकडे याने सोडण्यास प्रारंभ केला होता, आणि तेथे नुसते जवळून जाणे नव्हे तर उतरणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्सांडर यांचे ऋण ते विसरले नव्हते.

यंत्राला दुसऱ्या ग्रहावर उतरवायचे म्हणजे काय योजावे लागते, याची सर्वसामान्य वाचकाला कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. पहिली अडचण मुहूर्ताची. पृथ्वी आणि शुक्र प्रवासास सोयीच्या स्थितीत सुमारे एकोणीस महिन्यांनी येतात. मंगळासाठी सव्वीस महिने लागतात. मुहूर्त थोड्याच दिवसांचा, आणि तो चुकला की पुढल्या वेळेपर्यंत स्वस्थ बसावे लागते. दुसरी अडचण, अग्निबाणाला चौथा टप्पा लागतो आणि तो पृथ्वीभोवतीच्या कक्षेत, वजनरहित अवस्थेत पेटवावा लागतो. ते घडणार आफ्रिकेच्या बाजूला समुद्रावर, म्हणून संदेश टिपण्यासाठी तेथे जहाजे पाठवावी लागली. तिसरी अडचण, कोट्यवधी किलोमीटरवरून येणारा क्षीण संदेश ऐकण्याची. त्यासाठी क्रिमियात येव्हपातोरिया येथे प्रचंड आकाशक उभारले गेले. प्रत्येकावर सोळा मीटर व्यासाच्या आठ तबकड्या. एवढे ओझे अचूक फिरवायचे कसे? वेळ तर नव्हता. तेव्हा मोडीत निघालेल्या युद्धनौकांच्या तोफांच्या फिरत्या बैठका आणल्या, त्यावर रेल्वेपुलाची तुळई चढवली आणि त्यावर तबकड्या बसवल्या! आपल्याकडच्या एखाद्या हिकमती फोरमनलाच सुचावी अशी ही युक्ती. पण ती वर्षानुवर्षे उत्तम चालली.

ऑक्टोबर १९६० मध्ये मंगळाकडे दोन याने निघाली. त्यांच्या तयारीतील एक प्रसंग रशियन अभियंते हसत सांगत. मंगळावर जीवसृष्टी आहे काय हे शोधणारे एक उपकरण यानावर होते. कोरोलेव्ह यांनी ते आधी अवकाशतळाभोवतीच्या कझाक माळरानावर तपासून पाहण्यास सांगितले. उपकरणाने पृथ्वीवर जीवसृष्टी नसल्याचा निर्वाळा दिला! ते अर्थातच काढून टाकण्यात आले. याने मात्र दोन्ही कक्षेतही पोचली नाहीत. १२ फेब्रुवारी १९६१ रोजी शुक्राकडे निघालेले व्हेनेरा-१ आठवड्याभरातच मुके झाले. १९६२ च्या नोव्हेंबरात गेलेले मंगळ-१ दहा कोटी किलोमीटरपर्यंत बोलत राहिले आणि मार्च १९६३ मध्ये तेही गप्प झाले. १९६५ अखेरपर्यंत शुक्र-मंगळाच्या दिशेने पंधराहून अधिक प्रयत्न झाले. एकाही यानाने ग्रहापाशी जाऊन ठरलेले काम केले नाही. बऱ्याच वेळी तो चौथा टप्पाच पेटला नाही आणि यान पृथ्वीभोवतीच फिरत राहून जळून गेले. अशा यानांना ‘कॉस्मॉस’ असे क्रमांक देऊन बाहेर काहीच सांगितले जात नसे.

मला या अपयशांपेक्षाही अधिक विलक्षण वाटते ती चौथी अडचण. जेथे उतरायचे ती जागा कशी आहे, हेच कोणास ठाऊक नव्हते. चंद्राच्या बाबतीत हाच प्रश्न आला होता. पृष्ठभाग कठीण आहे, की यान आत बुडेल अशी खोल धूळ आहे? शास्त्रज्ञांच्या बैठकी झाल्या, एकमत होईना, आणि कोणीही जबाबदारी घेईना. तेव्हा कोरोलेव्ह यांनी स्वतः कागद घेऊन, जमीन पुरेशी कठीण समजून यान बनवावे, अशा अर्थाचे लिहिले आणि खाली सही केली. निर्णय पुढे बरोबर ठरला. परंतु बरोबर ठरण्याआधी त्याखाली सही करणारा माणूस माझ्या मते थोर. निर्णय टाळण्यासाठी समित्या नेमल्या गेल्याचे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. समितीतून उठून सही करणारे फार थोडे पाहिले.

शुक्राच्या बाबतीत मात्र अशी सही करणेही शक्य नव्हते. दाट ढगांखाली त्याचा पृष्ठभाग कोणीच पाहिला नव्हता. कोणी म्हणे तेथे महासागर आहे, कोणी म्हणे दलदल, कोणी म्हणे रखरखीत वाळवंट. रेडिओ दुर्बिणींतून प्रचंड उष्णतेची चिन्हे मिळत होती, पण ती उष्णता जमिनीची की वरच्या थरांची याविषयी वाद होता. व्हेनेरा-१ सोबत जे सोव्हिएत मानचिन्ह पाठवले होते ते चक्क पाण्यावर तरंगेल असे बनवलेले होते. पुढे व्हेनेरा-४ च्या अवतरण-कुपीत तर साखरेचे कुलूप होते. कुपी पाण्यात पडली तर साखर विरघळावी आणि आकाशक मोकळा व्हावा! आज आपल्याला हसू येते. परंतु न पाहिलेल्या भूमीसाठी तरतूद करणाऱ्यांनी समुद्र आणि वाळवंट या दोहोंची तरतूद केली, यात हसण्यासारखे खरोखर काय आहे?

१९६५ साल उजाडले तेव्हा कोरोलेव्ह यांच्या डोक्यावर मानवी उड्डाणे, चंद्रावर माणूस पाठवण्यासाठीचा नवा महाअग्निबाण, लष्कराची क्षेपणास्त्रे आणि टेहळणीचे उपग्रह असा सारा भार होता. हृदय साथ देत नव्हते. त्या वसंतात त्यांनी आपल्या आयुष्यातला कदाचित सर्वांत अवघड निर्णय घेतला. चंद्र, शुक्र आणि मंगळ यांवर जाणाऱ्या सर्व स्वयंचलित यानांचे काम, नकाशे आणि अनुभवासकट, त्यांनी खिमकी येथील लावोच्किन कारखान्याच्या हवाली केले. हा कारखाना मुळात लढाऊ विमानांचा. त्याचे नवे मुख्य रचनाकार होते ग्योर्गी निकोलायेविच बाबाकिन. हे रेडिओ दुरुस्तीपासून वर चढलेले गृहस्थ. पदवी त्यांनी चाळिशी उलटल्यावर, नोकरी सांभाळून घेतली होती.

बदलीच्या निमित्ताने कार्यभार सोपवण्याचे प्रसंग आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांवर दर तीन-चार वर्षांनी येतात. यशस्वी झालेले काम सोपवणे सोपे असते. अर्धवट राहिलेले, अपयशाने डागाळलेले आणि तरीही जिवाशी जडलेले काम दुसऱ्याच्या हाती देताना मनाची घालमेल होते. आपण गेल्यावर तो यशस्वी झाला तर? न झाला तर? एका गावी मी तीन वर्षे रेटलेली योजना माझ्या बदलीनंतर आठ महिन्यांत पूर्ण झाली. उद्घाटनाचे छायाचित्र मी वर्तमानपत्रात पाहिले तेव्हा झालेला आनंद निर्भेळ होता, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. कोरोलेव्ह यांना तरुणपणापासूनचे स्वप्न असे द्यावे लागले. काम नीट झाले नाही तर परत घेईन, अशी तंबीही त्यांनी नव्या मंडळींना दिली होती म्हणतात. ती तंबी मला माणसासारखी वाटते. स्पुटनिक उडवणे हे त्यांचे कर्तृत्व खरेच; पण शुक्रावर यान उतरले ते या सोपवण्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या अवाढव्य कार्यालयात शुक्राला पुरेसा वेळ आता कोणाकडेच उरला नव्हता.

स्वतःच्या कारखान्यात बनलेली शेवटची ग्रहयाने, व्हेनेरा-२ आणि व्हेनेरा-३, त्यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये रवाना केली. जानेवारीत ते एका शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाले. शस्त्रक्रिया किरकोळ समजली जात होती आणि स्वतः आरोग्यमंत्री पेत्रोव्स्की ती करणार होते. पोटात अनपेक्षितपणे मोठी गाठ आढळली आणि शस्त्रक्रिया लांबली. श्वासनलिकेत नळी घालावी तर जबडा पुरेसा उघडेना, असे सांगतात. १९३८ चा तो तपशील येथे पुन्हा आला. १४ जानेवारी १९६६ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, कोरोलेव्ह यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवसानंतर वर्तमानपत्रांत मृत्युलेख छायाचित्रासह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्या देशबांधवांना मुख्य रचनाकाराचे नाव प्रथमच कळले. क्रेमलिनच्या भिंतीत त्यांच्या अस्थी ठेवल्या गेल्या. ज्या मातेने त्यांना कोलिमातून परत आणले ती तेव्हा हयात होती.

३ फेब्रुवारीला, म्हणजे अवघ्या वीस दिवसांनी, लुना-९ चंद्रावर अलगद उतरले. जमीन कठीण निघाली. १ मार्च १९६६ रोजी व्हेनेरा-३ शुक्रावर जाऊन आदळले. संपर्क आधीच तुटला होता, त्यामुळे त्याने काहीच कळवले नाही. तरीही मनुष्याच्या हातची वस्तू दुसऱ्या ग्रहावर पोचली ती हीच पहिली.

पुढचे काम बाबाकिन यांचे. त्यांनी अपकेंद्री यंत्रे, दाबाच्या आणि उष्णतेच्या कोठ्या यांत कुप्या तपासण्यावर भर दिला. जे शुक्रावर बिघडायचे ते कारखान्यातच बिघडू द्यावे, अशी त्यांची रीत. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी व्हेनेरा-४ ची कुपी पॅराशूटने खाली येत दीड तास बोलत राहिली. ती जमिनीवर पोचली असा प्रथम समज झाला. प्रत्यक्षात जमीन अजून पंचवीस-एक किलोमीटर खाली होती आणि कुपी दाबाने चिरडली होती. १९६९ साली अधिक मजबूत केलेल्या पाचव्या आणि सहाव्या कुपीचीही तीच गत झाली. तेव्हा व्हेनेरा-७ ची कुपी पृथ्वीच्या हवेच्या दाबाच्या १८० पट दाब सोसेल अशी घडवली गेली. उतरताना पॅराशूट निकामी झाले. १५ डिसेंबर १९७० रोजी ती ताशी सुमारे साठ किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटली आणि संदेश थांबला. सर्वांनी आशा सोडली. मागाहून ध्वनिफिती पुन्हा तपासताना गोंगाटाखाली एक अत्यंत क्षीण संदेश सापडला. कुपी बहुधा कलंडून पडली होती. परंतु जमिनीवरून तेवीस मिनिटे ती एकच आकडा पाठवीत होती, तपमानाचा. सुमारे ४७५ अंश सेल्सियस. समुद्र नव्हता, दलदल नव्हती. साखरेचे कुलूप कधीच लागले नसते.

बाबाकिन यांनी त्यानंतर मंगळासाठी याने सिद्ध केली. ती मे १९७१ मध्ये निघाली. याने वाटेत असतानाच, ३ ऑगस्ट १९७१ रोजी, हृदयविकाराने बाबाकिन यांचे छप्पन्नाव्या वर्षी निधन झाले. २ डिसेंबरला मंगळ-३ ची कुपी धुळीच्या प्रचंड वादळात मंगळावर सुखरूप उतरली, सुमारे वीस सेकंद बोलली आणि गप्प झाली.

त्या शाळकरी मुलाची गेल्या गणेशोत्सवात पुन्हा भेट झाली. आता तो अकरावीत आहे. त्याला मी एका कागदावर तीन नावे लिहून दिली : त्सांडर, कोरोलेव्ह, बाबाकिन.